यंत्राने सोडलेला जवान

कारगिलच्या लढाईत मारोतरावांच्या पोटात गोळी लागली होती. भूपेंद्र नावाच्या सोबत्याने त्यांना भर गोळीबारातून पाठीवर वाहून आणलं होतं. जखमी जवानांना उचलून आणणारं यंत्र बनवणाऱ्या नागपूरजवळच्या एका कंपनीने ती सगळी हकीकत त्यांच्याकडून ऐकून घेतली. आज यंत्राची चाचणी पाहायला त्यांना बोलावलं होतं.

माळावर कारगिलसारखा चढ रचून धूर सोडला होता. पोटात तशीच जखम दाखवलेला पुतळा तिथे पडला होता. यंत्र धुरातून त्याच्यापाशी गेलं, क्षणभर थांबलं आणि त्याला सोडून दुसऱ्या पुतळ्याकडे वळलं.

मारोतरावांचा हात आपोआप पोटाकडे गेला. "त्याले सोडून काहून गेलं ते?"

"काका, एवढी जखम झालेला माणूस वाचत नाही, असं त्याचं गणित सांगतं," इंजिनिअर रितिका म्हणाली.

"मी तं उभा आहो ना तुह्यासमोर."

मारोतराव बघ्यांसाठी बांधलेला दोर ओलांडून धुरात शिरले आणि पुतळा खांद्यावर घेऊन धडपडत निघाले. रितिकाने घाईने चाचणी थांबवली. अर्ध्या वाटेत ते मटकन खाली बसले, तेव्हा ती धावत गेली आणि तिने पुतळ्याचे पाय उचलले.