चंद्रव्वाच्या हौदातली एकटी गप्पी

सात रस्ता चौकामागच्या गल्लीत चंद्रव्वाच्या अंगणात सिमेंटचा हौद होता. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, त्यामुळे हौद कायम भरलेला आणि त्यात डासांच्या अळ्या. आरोग्य खात्यातली सुकन्या अळ्या खाणारे गप्पी मासे घेऊन आली, तेव्हा चंद्रव्वा दार अडवून उभी राहिली.

“आमी लिंगायत. घरात अंडंसुदिक येत न्हाय, आन् तू मासा आनतीस?”

“खायचा नाही आजी, पाळायचा.”

बरीच घासाघीस झाली. शेवटी एकच मासा ठेवायचं ठरलं, तोही मादी.

“एकटीच ऱ्हाऊ दे. मी न्हाय का ऱ्हात?” चंद्रव्वा म्हणाली.

तीन आठवड्यांनी हौदात पिलं दिसली. मोजता मोजता अठ्ठावीस भरली. चंद्रव्वानं तडक शेजारच्या सिद्धलिंगप्पांचं दार वाजवलं. ते निवृत्त कारकून. त्यांच्या पिंपातही सुकन्यानं सोडलेला रंगीत शेपटीचा एक गप्पी नर होता.

“तुमचा गडी भिंत वलांडून आला की.”

सिद्धलिंगप्पांनी चष्मा चढवून पिंपात वाकून पाहिलं. “हितंच हाय तो. आन् भिंत साडेपाच फुटी हाय, चंद्रव्वा.”

“आला असंल, गेला असंल. पोरं कुनाची मग?”

गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आरोप आपल्यावरच झाल्यासारखे सिद्धलिंगप्पा कानापर्यंत लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सुकन्या आली आणि तिनं सगळं ऐकून घेतलं. “शेजारच्या माशाचा काही दोष नाही, आजी. गप्पीची मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते. एकदा गाठ पडली की पुढं कित्येक महिने एकटी असली तरी पिलं देते. इथं यायच्या आधीच तिनं साठा केला होता.”

चंद्रव्वा हौदाच्या कठड्यावर टेकली. “म्हंजी अजून व्हनार?”

“महिन्या-दीड महिन्यानं.”

“आन् नवऱ्याचं जेवनखान, धुनं, कायच न्हाय?”

“काहीच नाही.”

चंद्रव्वानं त्या करड्या, पोट सुटलेल्या माशाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “लई हुशार हाय की.”

माफी मागणं तिला जमणारं नव्हतं. संध्याकाळी तिनं तांब्यात दहा पिलं घेतली आणि सिद्धलिंगप्पांच्या दारात गेली. “घ्या. तुमच्या गड्याला सोबत.”

“ह्यात माद्या किती?” त्यांनी सावधपणे विचारलं.

“अजून कळत न्हाय म्हनली ती पोरगी.”

सिद्धलिंगप्पांनी थोडा विचार केला, तांब्या घेतला आणि चहाला आत बोलावलं. बारा वर्षांच्या शेजारात चंद्रव्वा पहिल्यांदाच तो उंबरा ओलांडून आत गेली, आणि दोन कप चहा पिऊन आली.