उशीची पेनी

"अगं ए, थांब! तू कुठं निघालीस वर?" उर्सुला ओरडली, पण तोवर उशीर झाला होता. एव्हिसची पेनी तिच्या मातीच्या गल्ल्यात टणकन पडली होती.

नाटकगृहाच्या सज्ज्याच्या जिन्याशी ही झुंबड उडालेली! दुसरी तुतारी झाली होती, तिसरीला नाटक सुरू व्हायचं; मागचे पुढच्यांना रेटत होते. सज्ज्याचे पैसे गोळा करणाऱ्या उर्सुलानं समोर आलेल्या हाताकडं न बघताच नाणं घेऊन गल्ल्यात टाकलं होतं. मग नाकात वास शिरला आणि तिनं खाली पाहिलं. खाली, कारण एव्हिस जेमतेम तिच्या खांद्याला लागायची. नदीकाठी वाम मासे सोलून विकणारी एव्हिस.

"वरच बसणार आज," एव्हिस म्हणाली.

"वेड लागलंय का गं? वर व्यापाऱ्यांच्या बायका बसल्यात रेशमी झगे पसरून. तुझ्या वासानं उठून जातील. जा अंगणात, नेहमीसारखी उभी राहा."

नेहमीसारखी! लग्न झाल्यापासून एव्हिस रंगमंचापुढच्या अंगणात, एका पेनीच्या गर्दीत उभी राहत आली होती, आणि आजवर तिनं पाहिलं काय, तर पुढच्यांच्या पाठी आणि टोप्या. नाटक बघायचा तो तिचा नवरा हम्फ्री, ताडमाड नावाडी. तो बघायचा आणि वाकून तिच्या कानात सांगायचा, "सैन्य आलं बघ, एव्हिस! हजारभर तरी असतील. चिलखतं कशी चकाकतायत!" राजा मरायच्या वेळी मात्र तिला कमरेला धरून वर उचलायचा. तेवढंच काय ते तिचं बघणं. गेल्या हिवाळ्यात हम्फ्री तापानं गेला, आणि आज तेच म्हाताऱ्या राजाचं नाटक पुन्हा लागलं होतं. एकदा तरी ते स्वतःच्या डोळ्यांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायचंच, असं तिनं घेतलं होतं मनावर. बीअर सोडली, कोरड्या पावावर भागवलं. एक पेनी बाहेरच्या दाराशी दिली, दुसरी ही गेली गल्ल्यात, आणि तिसरी मुठीत घामेजली होती.

"बरं," ती म्हणाली. "वर नको ना? मग दे माझी पेनी परत."

उर्सुलाचा हात थबकला. गल्ला सगळीकडून बंद, वर नुसती चीर. तो फुटायचा नाटक संपल्यावर, सगळ्या नटांच्या डोळ्यांदेखत. त्याआधी फोडणारीला चोर ठरवून हाकलून देत.

"संध्याकाळी देते."

"मग नाटकही संध्याकाळी दाखवशील का?"

मागं हशा पिकला. "बये, पेनी काढ नाही तर वाट सोड!" एक चांभार ओरडला. "तुतारी व्हायला आली!"

उर्सुलानं कपाळावर हात मारला. "जा बाई, जा एकदाची! वर कुणी बोललं तर माझं नाव सांगू नकोस."

एव्हिसनं मूठ उघडून तिसरी पेनी पुढं केली. "भाड्याची एक उशी दे."

"उशीसुद्धा? मोठी राणीच लागून गेलीस!"

"बुडाला नको गं, उंचीला हवीय."

वर शेजारच्या बाईनं झगा आवरला आणि नाकाला रुमाल लावला.

"वामांचा वास आहे, बाईसाहेब," एव्हिस म्हणाली. "परवा तुमच्याच स्वयंपाकिणीनं नेले. चांगले लागले ना?"

रुमाल हळूच खाली आला.

तिसरी तुतारी झाली. आणि एव्हिसला दिसलं! सगळं दिसलं. राजाच्या दाढीची कानामागची दोरी, राणीच्या गालावरचा पांढरा रंग, सिंहासनाचा हलणारा पाय. उशीवर बसून ती अधाशासारखी बघत होती. मग नगारा वाजला, लढाई सुरू झाली. एव्हिस पुढं झुकली. आता सैन्य!

आले चार जण. एका दारानं शिरले, दुसऱ्यानं गेले, धापा टाकत पुन्हा पहिल्यानं आले. एकाचं शिरस्त्राण डोळ्यांवर घसरलं होतं.

"थापाड्या!" एव्हिस मोठ्यानं म्हणाली. "हजारभर म्हणे! अरे थापाड्या!" आणि ती हसत सुटली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी तिचं हसू काही थांबेना. शेजारचीनं रुमाल पुढं केला.

राजा मरायला टेकला तेव्हा सवयीनं एव्हिसचा हात कमरेवर गेला. तिथं कुणाचे हात नव्हते. तिनं डोळे पुसले, उशीवर ताठ बसली आणि राजाचा श्वास थांबेपर्यंत नजर हलू दिली नाही.