लोणारच्या महामायाताईंचा इनबॉक्स

मित्रांनो, माझं वय झालं आहे, पण मी अजून रोज कामावर असतो. मला मान नाही, म्हणून ‘ताठ मानेने सांगतो’ असं म्हणता येत नाही. अभिमान मात्र भरपूर आहे. मी लोणारच्या महामायाताईंचा इनबॉक्स. त्यांना येणारी ई-मेलची पत्रं ज्या पेटीत उतरतात, ती पेटी म्हणजे मी.

माझा जन्म मलकापूरचा. रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला तेव्हा एक नेट कॅफे होता. प्लायवूडच्या आडोशांमध्ये संगणक मांडलेले, आणि पंखा फिरला की सगळे पडदे उडायचे. महामायाताई वरवट बकालहून मलकापुरात कॉलेजला आल्या होत्या. एका अर्जासाठी ई-मेलचा पत्ता हवा होता, म्हणून त्यांनी मला उघडलं. पासवर्ड लिहिताना त्यांनी कीबोर्डवर ओढणी धरली होती. तेवढ्यात माझ्यात पहिलं पत्र पडलं, कंपनीचं स्वागताचं. ताईंनी ते दोनदा वाचलं आणि कॅफेवाल्या रवीदादाला विचारलं, “दादा, यायले उत्तर द्या लागते का?”

रवीदादा हसला नाही, म्हणून तो मला अजून आठवतो. तो म्हणाला, “नाई ताई. हे सगळ्यायलेच येते.”

पुढची काही वर्षं मी बहुतेक रिकामाच होतो. कधी परीक्षेचं वेळापत्रक, कधी एखाद्या मैत्रिणीचा फोटो. मग ताईंचं लग्न झालं आणि त्या लोणारला आल्या. सासरी सासरे किसनराव होते. तरुणपणी ते मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आता घरी असत. आकाशातून पडलेल्या दगडाने झालेलं तळं घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि ताईंना चालण्याची हौस. बाहेरगावाहून अभ्यासाला येणाऱ्यांबरोबर त्या फिरू लागल्या. दगड ओळखायला शिकल्या, पक्षी ओळखायला शिकल्या, आणि एक दिवस स्वतःच लोकांना तळं दाखवू लागल्या.

गल्लीत कुजबुज झाली. कोणीतरी किसनरावांना म्हणालंच, “सून जंगलात परक्या लोकायले घेऊन फिरते, बरं दिसते का?”

किसनराव म्हणाले, “काऊन? तळं का फक्त माणसायसाठीच हाय? बायायनं दाखोलं तं त्याचं पाणी आटते का?”

त्या दिवसापासून माझ्या आयुष्याला अर्थ आला. “आम्ही येत्या रविवारी येतोय,” “पक्षी कधी दिसतात?”, “आईचे गुडघे दुखतात, अर्ध्यापर्यंत उतरता येईल का?” अशी पत्रं येऊ लागली. ताई प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यायच्या. त्यांचं उत्तर कोणीही ओळखावं असं असायचं. ‘टोपी आणा, पाणी आणा, आणि उतरताना गुडघ्याशी भांडू नका, तो म्हणेल तिथं बसू,’ असं त्या लिहायच्या. ती उत्तरं वाचून लोक येण्याआधीच त्यांचे झालेले असत.

मग एका उन्हाळ्यात तळ्याचं पाणी गुलाबी झालं. बातमी दूरवर गेली. कोरोनाची टाळेबंदी उठली तशी पत्रांची रीघ लागली, आणि त्या पत्रांबरोबर जाहिराती आल्या, बक्षिसांची खोटी आमिषं आली, कुठल्या कुठल्या दुकानांचे सेल आले. मी गच्च भरलो. ताई दिवसभर तळ्यावर, संध्याकाळी स्वयंपाकघरात. मोबाइलवर मला उघडायच्या, वरची चार-पाच पत्रं पाहायच्या आणि सुस्कारा टाकून मिटायच्या. खालची पत्रं खालीच राहायची. मित्रांनो, कोणी उघडलं नाही की पत्राचं काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. ते मरत नाही. ते वाट पाहत बसतं.

एकदा जळगावकडची काही निवृत्त शिक्षक मंडळी ठरल्या दिवशी लोणारला उतरली आणि बसस्थानकावर ताटकळत उभी राहिली. त्यांचं पत्र माझ्या तळाशी न उघडलेलं पडून होतं. ताई त्या दिवशी दुसऱ्याच गटाबरोबर होत्या. मंडळी तशीच परत गेली. ताईंना कळलं तेव्हा त्या ओट्यावर डोक्याला हात लावून बसल्या.

“मामाजी, लोकं माह्या भरवशावर येतात, अन् मी त्यायचं पत्रही वाचत नाई.”

किसनराव म्हणाले, “एकटीनं किती करशीन? जिनिंगमधी मालकाले मुनीम असे. तुले मुनीम पाह्यजे.”

आणि मुनीम आला. तो माणूस नव्हता. तो होता एआय सहायक, पत्रं वाचून त्यांची विभागणी करणारा आणि उत्तराचा मसुदा तयार करणारा. ताईंनी माहिती वाचून, एकेक परवानगी तपासून त्याला माझ्याशी जोडलं. बँकेची आणि दवाखान्याची पत्रं त्यांनी वेगळ्या खात्यावर नेली. किसनरावांनी त्याचं नाव मुनीमच ठेवलं. त्यांना एकच काळजी होती.

“तो सगळं वाचते का?”

“मी वाचू देईन तेवढंच, मामाजी.”

“मंग ठीक हाय. पण नजर ठेव. मुनीम चांगला असला तरी मालकानं झोपू नये.”

खरं सांगतो, आधी मला त्याचा राग आला होता. इतकी वर्षं मी एकट्याने सांभाळलेलं घर, आणि हा उपरा येऊन भांडी हलवणार! पण त्याने काम सुरू केलं आणि माझा श्वास मोकळा झाला. जाहिराती एका कोपऱ्यात गेल्या. येणाऱ्या गटांच्या तारखा दिनदर्शिकेत जाऊन बसल्या. ज्या पत्रांना उत्तर गेलं नव्हतं, ती त्याने खालून वर आणून ठेवली. रोज सकाळी तो ताईंना थोडक्यात सांगायचा, आज कोण येणार, कोणी काय विचारलं, कोणाला उत्तर द्यायचं राहिलं. आणि ताईंनी पाहिल्याशिवाय एकही उत्तर बाहेर जायचं नाही.

फक्त त्याची भाषा फार कडक इस्त्रीची होती. ‘आपल्या चौकशीबद्दल मनःपूर्वक आभार. आपल्या आगमनाची आम्ही सहर्ष प्रतीक्षा करीत आहोत.’ घाईत ताईंनी असं एक उत्तर तसंच जाऊ दिलं. दरवर्षी येणाऱ्या एका पक्षीमित्राचं लगेच पत्र आलं, “महामायाताई, तब्येत बरी आहे ना?” ताई पोट धरून हसल्या. मग त्यांनी आपली जुनी उत्तरं मुनीमाला दाखवली आणि सांगितलं, माझ्यासारखं लिही. गुडघ्याशी भांडायचं नाही, हे तोही शिकला.

त्या हिवाळ्यात ताईंचं नाव सगळीकडे झालं. एकही पत्र वाट पाहत बसलं नाही. जळगावच्या शिक्षक मंडळींना ताईंनी माफी मागून पुन्हा बोलावलं आणि ती आलीसुद्धा. मी इतका नीटनेटका होतो की कोणी पाहुणा आला असता तर लाजलो नसतो.

आणि नेमकं तेव्हाच ते घडलं.

त्याआधी एका आजोबांचा पाय उतारावर मुरगळला होता. ताई घाबरल्या होत्या. त्यांनी मुनीमाला नियम घालून दिला की ज्या गटाला उतार सुरक्षित उतरता येणार नाही, त्याला नम्रपणे नकार कळवायचा. ‘नाही’ लिहिताना ताईंचा हात नेहमी जड व्हायचा, एकेका नकारावर त्या संध्याकाळ घालवायच्या. म्हणून एवढ्या एकाच बाबतीत त्यांनी मुनीमाला न विचारता उत्तर पाठवायची मोकळीक दिली.

एका सकाळी पुष्पाबाई नावाच्या शिक्षिकेचं पत्र आलं. त्या अंध मुलांच्या शाळेत शिकवत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, “आमच्या मुलांना तळं पाहायचं आहे. मुलं काठीच्या आधाराने चालतात. आपण न्याल का?”

पत्र माझ्यात पडलं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उत्तर निघून गेलं. ताईंच्याच गोड भाषेत. ‘वाट अवघड आहे, मुलांना त्रास होईल, क्षमा करा.’ मला ओरडावंसं वाटलं. पण मित्रांनो, इनबॉक्सला आवाज नसतो. त्याला फक्त सांभाळून ठेवता येतं.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईंचं परत पत्र आलं. “ताई, आपला नकार मिळाला. मुलांना समजावून सांगितलं. आमच्या अनुपमाने विचारलं, तळं फक्त डोळेवाल्यांनाच दाखवतात का? असो. आपले आभार.”

इथे मी मुनीमाचं कौतुक करीन. त्याने हे पत्र ‘आभार’ हा शब्द पाहून मिटवून टाकलं नाही. सकाळच्या सारांशात त्याने ते सगळ्यात वर ठेवलं आणि लिहिलं, ‘कालचा नकार तुमच्या नियमाप्रमाणे मी पाठवला होता. त्यावरचं हे उत्तर कृपया तुम्ही स्वतः वाचा. नियम इथे लागू करायला हवा होता का, हे मला ठरवता येत नाही.’

ताई चहा पीत होत्या. त्यांनी वाचलं आणि कप तसाच खाली ठेवला.

“मामाजी, माह्या नावानं लेकरायले नाई म्हटलं. अन् मले पत्ताच नाई.”

किसनरावांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “नाई म्हनाचं का हो म्हनाचं, ते तुह्यावर हाय. पण आधी तोंड तं पाह्यलं पाह्यजे ना, पोरी, त्यायचं.”

ताईंनी लगेच पुष्पाबाईंना फोन लावला. “बाई, ते उत्तर माह्या मशीननं धाडलं, पण नियम माहाच होता. चूक माही हाय. तुमची लेकरं आणा. कुठून अन् कसं न्यायचं, ते मी आधी चालूनच पाह्यते.”

आणि त्यांनी खरंच चालून पाहिलं. डोळ्यांवर ओढणी बांधली, हातात किसनरावांची काठी घेतली आणि किसनरावांच्या आवाजामागे वाट उतरल्या. दोनदा ठेचकाळल्या. घरी येऊन त्यांनी पुष्पाबाईंना लांबलचक पत्र लिहिलं. कुठे पायरी उंच आहे, कुठे मूळ आडवं आलं आहे, तळ्याचा उग्र वास कुठून सुरू होतो, आणि कुठून पुढे मुलांना न्यायचं नाही. मग त्यांनी मुनीमाला विचारलं, “लोकायनं तळ्याबद्दल आतापर्यंत मले काय काय लिहिलं? डोळ्यानं पाह्यलेलं सोडून सांग.”

मुनीमाने माझ्या तळापर्यंत बुडी मारली. वास, आवाज, वारा, दगडांचा खरखरीतपणा, असं कोणी कोणी लिहिलेलं त्याने शोधून आणलं. त्यात एका भूगोलाच्या सरांचं फार जुनं पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं की परातीत पीठ पसरून त्यावर उंचावरून गोटा टाकला, तर तळं कसं झालं ते मुलांना हातावर कळतं. ते पत्र ताई विसरल्या होत्या. मी ते जपून ठेवलं होतं. त्या दिवशी मी किती फुशारलो, काय सांगू!

मुलं आली त्या दिवशी मी अर्थातच तिथे नव्हतो. पुष्पाबाईंनी नंतर सगळं लिहून कळवलं, म्हणून मला ठाऊक. काठावर ताईंनी परात मांडली, त्यात ज्वारीचं पीठ. एकेका मुलाने गोटा टाकला, मग खड्ड्यात बोटं फिरवली. अनुपमाची बोटं थांबली.

“ताई, याचा काठ वर उचललेला हाय! मले वाटलं होतं, नुसता खड्डा असते.”

“हाव. आपण आता त्याच काठावर उभे हाओत,” ताई म्हणाल्या.

अनुपमाने तोंड पुढे केलं. “म्हणूनच वारा खालून येऊन राह्यला.”

पुष्पाबाईंनी लिहिलं होतं की इतकी वर्षं लोकांना वाट दाखवणाऱ्या महामायाताईंनी त्या वाक्यावर स्वतःही डोळे मिटून वाऱ्याकडे तोंड केलं. मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, ताईंनी ठरवलेल्या जागेपर्यंत उतरली. त्यांनी मोरांची केका ऐकली, दगडांवर तळवे ठेवले, तळ्याचा वास येताच नाकं दाबून हसली. कोणाच्या पायाला साधा ओरखडाही आला नाही.

काही दिवसांनी अनुपमाचं पत्र आलं. टाइप केलेलं बोलून दाखवणाऱ्या संगणकावर तिने ते स्वतः लिहिलं होतं. मुनीमाने त्याला कोणत्याही कप्प्यात टाकलं नाही, उत्तराचा मसुदाही केला नाही. तसं ताईंनीच त्याला सांगून ठेवलं होतं. तिने लिहिलं होतं, “ताई, घरी सगळ्यांनी विचारलं, तुला काय दिसलं? मी म्हटलं, तुमच्यापैकी कोणी लोणारला गेलं आहे का? कोणीच गेलं नव्हतं. मग मी सांगितलं आणि सगळे ऐकत बसले.”

मित्रांनो, माझ्यात हजारो पत्रं आली आणि गेली. हे पत्र मी कधीही हरवू देणार नाही.

आता मुनीमाचा नियम बदलला आहे. तो जाहिराती दूर करतो, तारखा लिहितो, मसुदे करतो, राहिलेल्यांची आठवण देतो. त्याच्या या कामामुळेच ताईंना तळ्यावर जायला वेळ मिळतो. नकार मात्र तो पाठवत नाही. तसं पत्र आलं की ताईंसमोर ठेवतो. ताई ते पूर्ण वाचतात, कधी फोन करतात, कधी ‘हो’ म्हणायची वाट शोधतात. खरोखरच ‘नाही’ म्हणावं लागलं, तर ते स्वतः लिहितात. हात अजूनही जड होतो. तो जडच असावा, असं किसनराव म्हणतात.

तुमच्याही घरी, दुकानात, शाळेत आज ना उद्या असा मदतनीस येईल. त्याला घाबरू नका, त्याला भरपूर काम द्या. तुमच्या इनबॉक्सला रोज थोडं आवरा, कारण त्याच्या तळाशी कोणीतरी तुमची वाट पाहत असू शकतं. पण कोणी तुमच्या दाराशी आलं, तर दार उघडायला मदतनीस गेला तरी चालेल. दार लावायला मात्र तुम्ही स्वतः उठा.