केळीच्या बागेचा धडा

इंदू उमरीच्या शाळेत पहिलीला होती, तेव्हाची गोष्ट. अनंतराव गुरुजी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर निळ्या शाईनं प्रत्येक लेकरासाठी वेगळा धडा लिहायचे. इंदूचे वडील शिंपी. तिच्या धड्यात होतं, 'बाबा मशीन चालवतात. मशीन टरटर बोलते. चिंध्यांची बाहुली इंदूची.' पुस्तकातलं गलबत तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, तो धडा वाचताना ती अक्षराअक्षराला अडायची. गुरुजींचा धडा मात्र तिनं एका दमात वाचला आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांना ऐकवत फिरली.

आता इंदूबाई चौपन्न वर्षांच्या. अर्धापूरजवळच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरी आणि तिसरी असे दोन वर्ग एकट्याच सांभाळतात. आपणही गुरुजींसारखे धडे लिहावेत असं त्यांच्या मनात तीस वर्षं होतं, पण दोन वर्गांच्या धांदलीत आणि ऑनलाइन माहिती भरण्यात ते कायम मागं पडलं.

यंदा नांदेडच्या प्रशिक्षणात एआयचा वापर शिकवला. नव्या मास्तरांची बोटं फोनवर भरभर चालत होती, बाई मात्र वहीत एकेक पायरी उतरवून घेत होत्या. शाळेत येऊन त्यांनी फोनवर एआयकडे दुसरीसाठी सोपा धडा मागितला. क्षणात धडा आला. समुद्राची सहल, वाळूचा किल्ला, शिंपले. भाषा शुद्ध, चित्रासारखी. मुलांनी तो तोंडदेखला वाचला. केळीची बाग असलेल्या दयानंदची तनुजा तर नेहमीसारखी खाली मान घालून गप्प बसली. जूनपासून तिनं वर्गात एक ओळही मोठ्यानं वाचली नव्हती.

बाईंना त्या दिवशी गुरुजींची फार आठवण आली. गुरुजी लिहायच्या आधी विचारायचे. घरी कोण कोण, बाप काय करतो, अंगणात काय आहे.

मग बाईंनीही आठवडाभर तेच केलं. एकेका लेकराला जवळ बसवून बोलतं केलं, त्यांचे शब्द वहीत घेतले. आडनावं, घरचं खाजगी काही फोनला सांगितलं नाही. बाकीचं सांगून, छोटी वाक्यं, जोडाक्षरं कमी, असं बजावून धडे मागितले. ज्या कामाला गुरुजींना अख्खा उन्हाळा लागायचा, ते मधल्या सुट्टीत झालं. एकेक धडा वाचून त्यांनी दुरुस्त केला, काही टाकून दिले.

तनुजाला तिच्या घरच्या बागेचा धडा मिळाला. तिनं कागद बराच वेळ धरून ठेवला. मग मान वर केली.

"बाई, हे चुकलंय."

बाईंनी काय चुकलं ते विचारलं.

तनुजानं बोट ठेवून वाचलं, "आबा शेतात केळीचे बी पेरतात." आणि थांबून म्हणाली, "केळीला बी न्हाई पेरत. कंद लावतेत. कुणाला ठावं न्हाई का हे?"

ही चूक बाईंच्याही नजरेतून सुटली होती. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यांनी तिच्या हातात पेन दिला. तनुजानं 'बी पेरतात' खोडून वर वाकड्या अक्षरांत 'कंद लावतात' लिहिलं आणि राहिलेला धडा न अडखळता वाचून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दयानंद शाळेच्या दारात उभा. त्याच्या केळीचा ट्रक भरून रस्त्यावर उभा होता, तो घाईत होता. रात्री पोरीनं घरी सगळ्यांना धडा वाचून दाखवला म्हणे. आमच्या बागेचं हे कुणी लिहिलं, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, सांगितलं तनुजानं, लिहिलं मशीननं आणि सुधारलं पुन्हा तनुजानंच.

त्याला ते नीट उमगलं की नाही, कोण जाणे. चप्पल काढून तो आत आला, मागच्या बाकावर अंग चोरून बसला आणि म्हणाला, "वाच बरं माय, परत एकदा."

बाहेर ट्रकवाला हॉर्न देत होता. धडा संपेपर्यंत दयानंद उठला नाही.