डब्यातले थर्मोस्टॅट

तळहातावर ती पितळी चकती, मागे छोटी स्प्रिंग, कडेला जुना गंज – एवढीशी वस्तू, आणि असियामाचा हात भरून आला होता.

"बाबा, ह्या गाडीत थर्मोस्टॅटच नाहीये!" डोन्कोरच्या टॅक्सीला स्कॅनर लावून बसलेली फोफी, असियामाची मुलगी, बॉनेटखालून ओरडली. "पाणी साठ अंशांच्या वर तापतच नाही. कॉम्प्युटरला वाटतंय, इंजिन आत्ताच चालू झालंय, गारठलंय. म्हणून इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतोय. पेट्रोल पिणार नाही तर काय! कुणा दीडशहाण्यानं काढला देव जाणे."

दीडशहाणा... आठ वर्षांपूर्वी असियामानंच तो काढला होता. फक्त ह्याच गाडीतला नव्हे, सुआमेच्या गॅरेजवस्तीत त्याच्या हाताखाली आलेल्या प्रत्येक गाडीतला – ह्या गाड्या थंड देशातल्या, तापेपर्यंत पाणी अडवणारा हा बोळा आपल्या उन्हात कशाला, पाणी मोकळं फिरू दे, असं माझ्या मेस्त्रीनं मला शिकवलं, मी चाळीस जणांना शिकवलं. फळीवरच्या दुधाच्या डब्यात ते सगळे पडून आहेत, त्यातलाच हा एक. कार्ब्युरेटरच्या, बिनकॉम्प्युटरच्या गाड्या होत्या तोवर खपून गेलं. मग गाडी पेट्रोल फार खाते म्हणून डोन्कोर कुरकुरायला लागला, मी प्लग बदलले, इंजेक्टर धुतले, शेवटी पेट्रोल पंपवाल्याला चोर ठरवलं... आणि तो बिचारा कॉम्प्युटर, कुमासीच्या भर दुपारी, आठ वर्षं एकच थंडगार सकाळ समजून इंजिनाला पाजत राहिला. त्याचं काही चुकलं नव्हतं. जे कळवलं, ते त्यानं खरं मानलं.

असियामाला फार थकवा आला. तो टायरवर बसला. मग उठून त्यानं चकती उकळत्या पाण्यात टाकून पाहिली. ती उघडली.

"बाबा, हा कुठून आणलात?" फोफीनं विचारलं. मग तिला तसल्याच चकत्यांनी भरलेला उघडा डबा दिसला. तिनं चकती घेतली आणि बसवली.

केंके-मासळी खाऊन डोन्कोर आला, इंजिनाचा आवाज ऐकून हसला.

"जमवलंत की मेस्त्री! लोक म्हणतात म्हातारा संपला. म्हटलं, जिभा झडोत तुमच्या!"

"फोफीनं केलं."

"पोर कुणाची? आणि काय बिघडलं होतं ते सांगत बसू नका, मला ओ की ठो कळत नाही. तुमचा हात लागला, मी बिनघोर."

त्यानं चावी फिरवली. आजवर कुणी कारण विचारलं की असियामाला राग यायचा. आता तो खिडकीशी उभा होता, दारावर हात ठेवून, हात काढवत नव्हता... विचार ना रे. एकदा तरी विचार.