टकटक दूध पिणारा नातू

आमच्या घरी पंप दुरुस्त करतात. खाली दुकान, वर आम्ही. आमचे हे त्या धंद्यात इतके मुरलेत की चहा पितानासुद्धा कान कपाकडे असतो. त्यांनी एकदा एक पंप असा दुरुस्त केला की त्याने विहीर तर उपसलीच, वर शेजारच्या गावच्या विहिरीतला बेडूकही ओढून आणला. बेडूक बाहेर पडला, त्याने इकडेतिकडे बघितलं, अंग झटकलं आणि चालत आपल्या गावी परत गेला. खोटं वाटत असेल तर त्याला जाऊन विचारा.

तर अशा घरात माझा नातू जन्माला आला, आणि आल्याआल्याच दूध पिताना वाजायला लागला. टक, टक, टक.

आमच्या ह्यांना तर आकाश ठेंगणं झालं. सूनबाई बाळाला घेऊन बसली की हे दाराबाहेर खुर्ची टाकायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे.

"ऐकलंस?" मला म्हणायचे. "झडप कशी बसतेय! एक ठोका इकडचा तिकडे नाही."

मुलगाही बापावर गेलेला. गिऱ्हाईक खाली ताटकळत ठेवून जिन्यात उभा राहून ऐकायचा. कारण असं, की हातपंपाच्या आतली झडप नीट बसत असली की टक वाजते. वाजली की समजायचं, यंत्र धडधाकट. दोघांची उभी हयात त्या आवाजावर गेलेली. बारसं व्हायच्या आधीच त्यांनी पोराला इंजिनसाहेब म्हणायला सुरुवात केली.

मीही काही कमी नव्हते. बाळांशी ओळख करून घ्यायची माझी एकच रीत. तोंड जवळ न्यायचं आणि जीभ काढून दाखवायची. बाळंही उलट दाखवतात. माझ्या मुलाने दाखवली, लेकीच्या दोन्ही मुलींनी दाखवली, धाकटीने तर डॉक्टरांनाही दाखवली. हा मात्र नुसता टकामका बघायचा. तोंड उघडायचा, पण जीभ आपली खाली बसलेली. मी सगळ्यांना सांगत सुटले, "अखेर या घरात एक सभ्य माणूस जन्मलं."

पण सभ्य माणसाचं वजन काही वाढेना.

प्यायला बसला की बसलाच. पिऊन पिऊन दमायचा, तिथेच झोपायचा, आणि खाली ठेवला की भुकेने किंचाळायचा. ओठांच्या कडेने दूध ओघळायचं. सूनबाई पाजताना दात आवळून बसायची. तिच्या छातीला चिरा पडल्या होत्या. डॉक्टरांनी काटा बघून मान हलवली. "पुढच्या खेपेलाही असंच राहिलं, तर वरचं दूध सुरू करावं लागेल," म्हणाले.

घरी आल्यावर बापलेकांनी विचार केला. पंप तर वाजतोय, म्हणजे पंप ठीक. पंप ठीक असून पाणी येत नसेल तर काय समजायचं? विहीर आटली! हे तोंडावर बोलायची हिंमत एकालाही नव्हती. पण सूनबाईसमोर सूपाची पातेली यायला लागली. सकाळी सूप, दुपारी दूध, मधेच "हे जरा खाऊन घे". मुलगा तर वाटी घेऊन मागे मागे फिरायचा, मांजराच्या मागे फिरावं तसा.

आमची सूनबाई म्हणजे दुकानात सुट्या भागांच्या काउंटरवर बसणारी बाई. गिऱ्हाइकाने चुकीचा वॉशर मागितला तर त्याला योग्य वॉशर देऊन वर दोन शब्दही ऐकवणारी. तिला का कळणार नाही? एक दिवस तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, तुम्हाला वाटतंय माझ्याकडे दूध नाही."

"छे छे," हे म्हणाले, आणि खिशातला चष्मा शोधायला लागले. तो डोळ्यांवरच होता.

"तू पण," ती नवऱ्याकडे वळली. "सूप पिऊन पिऊन माझं पोट डब्ब झालंय. आई, चला माझ्याबरोबर."

आत जाऊन तिने माझ्यासमोर हाताने दूध काढलं. वाटी भरत आली. मी बघतच राहिले.

"आता सांगा," ती म्हणाली. "आटलीय का?"

"आटलीय?" मी म्हटलं. "अगं, यात बेडूक पोहेल."

ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "वरच्या दुधाशी माझं भांडण नाही, आई. त्याला उपाशी मी ठेवणार नाही. पण मला पाजायचंय. दूध आहे, तो ओढतोय, मग मधल्या मधे जातं कुठे?"

ती वाटी आम्ही चमच्याने त्याला पाजली. एक थेंब सोडला नाही पठ्ठ्याने.

दवाखान्यात दूध पाजायला शिकवणाऱ्या एक बाई असतात, त्यांच्याकडे दुसऱ्याच दिवशी गेलो. छोटीशी खोली, एक आरामखुर्ची, उशाच उशा. बाई बोलायला मऊ, पण नजर दुर्बिणीची.

"पाजा," म्हणाल्या. "मी नुसती बघते."

पोराने सुरू केलं. टक, टक, टक.

"हा आवाज कधीपासून?"

"जन्मल्यापासून!" मी छाती काढून सांगितलं. "आमच्याकडे धंदाच आहे तो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग सूनबाईकडे. सूनबाईने डोळ्यांनीच सांगितलं, चालू द्या. बाईंनी उशी सरकवली, बाळाचं अंग आईच्या अंगाला भिडवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं. जरा बरं झालं. पण टकटक काही थांबली नाही.

"जीभ बाहेर काढतो का हा?"

"कध्धीच नाही," मी म्हटलं. "फार वळणाचा आहे."

बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीला धरावं लागलं. मग हातमोजा घालून त्यांनी हलकेच त्याची जीभ वर उचलली. उचलली म्हणजे, उचलायला गेल्या. शेंडा मधोमध आत ओढला गेला, पत्त्यातल्या बदामासारखा. खाली पांढरट पातळ पडदा, ताणलेला.

"जीभ खाली बांधलेली आहे. टंग टाय म्हणतात याला. जीभ पुढे येत नाही, म्हणून पकड टिकत नाही. काही मुलांना याचा काहीच त्रास होत नाही, त्यांना हात लावत नाहीत. पण याचं वजनही वाढत नाही, आणि तुम्हालाही इजा होतेय. डॉक्टरांना दाखवू. कदाचित एवढासा काप द्यावा लागेल. तोवर दूध काढून चमच्याने पाजा."

माझी मान खाली गेली असेल असं वाटलं का तुम्हाला? छे. मी त्या पोराच्या कानात सांगितलं, "लबाडा, मला वाटलं तू मान देतोयस."

खरा तमाशा घरी झाला. मुलाने कापायचं ऐकलं आणि हातातला पाना खाली टाकला.

"जिभेला कात्री? मुका होईल तो!"

"तुझ्या चुलतपणजोबांची जीभ अशीच होती," मी म्हटलं. "कापली नाही. त्यांना आइस्क्रीम चाटता येईना, म्हणून चावून खायचे. पुढचे दात असे गोठले की पुढचा उन्हाळा येईपर्यंत बोलले की तोंडातून वाफ निघायची."

"आई, मस्करी नको!"

"बरं, मग खरं सांगते. आमच्या आतेची कापली होती. ती इतकी लांब झाली की शेजारच्या घरच्या सूपात मीठ कमी आहे हे ती आपल्या खिडकीतून सांगायची."

आमचे हे मात्र गंभीर. "चालू यंत्र उघडायचं नाही," म्हणाले. "दुकानाचा नियम आहे. वाजतंय ना? मग हात लावायचा नाही. उघडलं आणि परत बसलं नाही तर?"

"चालू?" सूनबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. काउंटरवर वादाला गिऱ्हाईक उभं असलं की ती असाच आवाज काढते. "याला चालू म्हणता तुम्ही? जा, हात धू."

"कोण, मी?" मुलगा म्हणाला.

"तू. साबणाने. ग्रीस राहिलं तर परत पाठवीन."

तो धुऊन आला. तिने नखं तपासली, परत पाठवला, परत तपासली. मग बाळ भुकेलं होतं तेव्हा त्याची करंगळी बाळाच्या तोंडात दिली.

"आता ऐकू नको. हाताला काय लागतं ते सांग."

मुलाचे हात म्हणजे चाचपून बोल्ट ओळखणारे. तो उभा राहिला, मान वाकडी करून. पोराने चोखायला सुरुवात केली. टक.

"हिरडीने चावतोय," तो पुटपुटला.

टक.

"जीभ... धरते, आणि सुटते. प्रत्येक वेळी सुटते."

टक.

त्याने बापाकडे बघितलं. चेहरा असा, की दुरुस्त म्हणून दिलेला पंप गिऱ्हाईक परत घेऊन आलंय.

"बाबा, ही झडप बसल्याचा आवाज नाही. पकड सुटल्याचा आहे. हवा ओढतोय तो."

आमचे हे मटकन खुर्चीत बसले. पंपवाल्याला याहून वाईट शिवी नाही. एवढे दिवस दाराबाहेर बसून आपण कौतुकाने ऐकलं ते हवा ओढणं! बराच वेळ टेबलावर बोट घासत राहिले. मग सूनबाईला म्हणाले, "विहिरीला उगाच नावं ठेवली, बाई."

"सूप चांगलं होतं पण," ती म्हणाली. "डॉक्टरांची वेळ घेऊ?"

"घे. आणि मीही येणार."

डॉक्टरांनी सगळं तपासलं, जिभेखाली नीट बघितलं, काय करणार ते समजावून सांगितलं. मुलाने एवढे प्रश्न विचारले की डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच करता का?" कात्री मी पाहिली. माझ्या नखापेक्षा छोटी. पण तुम्हाला सांगते, कापताना पोराने अशी आरोळी ठोकली की वरच्या मजल्यावर बहिरे आजोबा होते, ते म्हणाले, "आलो, आलो!" एक थेंब रक्त आलं, आणि संपलं. सूनबाईने लगेच पोराला कुशीत घेतलं आणि दार लोटून घेतलं. आत ती, मी आणि त्या बाई. बापलेक बाहेर.

पोर दोनदा घसरलं. रडलं. बाईंनी परत तोंड मोठं उघडू दिलं. तिसऱ्यांदा लागलं.

आणि आवाज बंद. नुसता गिळल्याचा, आत कुठेतरी.

मी सूनबाईकडे बघत होते. आवळलेले दात हळूहळू सुटले. खांदे खाली आले. ती डोकं मागे टेकून छताकडे बघत राहिली.

दारावर टकटक. "काय झालं?" मुलाचा घाबरा आवाज. "बंद पडला का?"

"चालू झाला," सूनबाई म्हणाली.

बाहेरून आमच्या ह्यांचं नाक शिंकरणं ऐकू आलं.

एका दिवसात सगळं झालं असं सांगितलं तर ती थाप होईल, आणि अशा फुटकळ थापा मी मारत नाही. त्याला शिकावं लागलं. मधेच घसरायचा, टक वाजायची, की घरातले सगळे "हवा! हवा!" ओरडायचे आणि सूनबाई सगळ्यांना बाहेर काढायची. चिरा भरायला वेळ लागला. चमचावाटीही काही दिवस राहिली. पण एके दिवशी ती वाटी धुऊन फडताळात गेली, ती पुन्हा निघालीच नाही.

परवा वजन करायला गेलो. डॉक्टरांनी काटा बघितला, चष्मा काढून परत बघितला.

"वरचं दूध काय देताय?"

"काही नाही," सूनबाई म्हणाली.

"मग चालू द्या हेच," ते म्हणाले, आणि पुढच्या बाळाला हाक मारली.

पोराला कपडे घालेपर्यंत भूक लागली. सूनबाई तिथेच बाहेर बाकावर बसली, ओढणी घेतली आणि लावलं त्याला. आमचे हे शहाण्यासारखे खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघायला लागले. शेजारची बाई कडेवरच्या बाळाला थोपटत म्हणाली, "किती शांत पितो हो तुमचा!"

"शांत? आता शांत," मी म्हटलं. "पण ओढ बघा त्याची. काल असं ओढलं त्याने, की समोरच्या इमारतीतल्या बाईच्या चहातलं दूध गायब. बिचारी काळा चहा घेऊन भांडायला आली."

"आई, पुरे," सूनबाईचे खांदे हसून हलायला लागले. "मी हसले तर तो सोडेल."

"सोडतोय कशाला!" मी म्हटलं.

ती खदखदून हसली, बाक हलला, ओढणी घसरली. त्याने एक डोळा उघडून आमच्याकडे बघितलं, आणि पीतच राहिला.