आकाशपाळण्याची पहिली फेरी

कापूस घरात आला की नाईलकाठच्या दसूकला मौलिदची जत्रा भरायची आणि मैदानात सगळ्यांच्या आधी बद्रियाचा आकाशपाळणा उभा राहायचा. नवरा फतहल्ला गेल्यापासून बावीस वर्षं पाळण्याचा बोल्ट न बोल्ट तिनेच लांब पान्याने आवळला होता. ठरलेला जोर लागला की तो पाना ‘टक्’ करी. तो आवाज ऐकल्याशिवाय ती पुढच्या बोल्टकडे वळत नसे.

यंदा मनगटांनी साथ सोडली. मुलगा शहाता याने टायरवाल्याकडून बॅटरीवर चालणारा पाना आणला. घोडा दाबला की टर्रर्र ठोके देत तो बोल्ट बसवी. बद्रिया उसाच्या मोळीवर बसून बघत होती.

“बघ यम्मा! तुझं दिवसभराचं काम तासाभरात!”

“बघतेय. बाही बांध आधी. फिरत्या तोंडात गेली तर हातही तिच्या मागोमाग जाईल.”

त्याने हसत बाही बांधली आणि नटावर बसणारं सॉकेट बदलायला घेतलं.

“बॅटरी काढ,” बद्रिया म्हणाली.

“अगं, बोट घोड्यावर नाहीये माझं!”

“त्या बोटाचा भरवसा नाही,” त्याची बायको इन्शिराह म्हणाली. “वाढायच्या आत माझ्या ताटात असतं ते.”

“आणि ते चकचकीत सॉकेट हातपान्याचं रे. ठोक्यांनी तडकून डोळ्यात जाईल. जाड काळं घे, चष्मा लाव.” टायरवाल्याने हे शहाताला तीनदा सांगितलं होतं. बद्रियाने ते एकदाच ऐकलं होतं.

ऊन कललं. भाजक्या हरभऱ्यांचा वास आला. टर्रर्र ऐकता ऐकता बद्रियाचे डोळे मिटले. नाईलवरून धुकं आलं होतं, धुक्यात पाळणा फिरत होता, आणि आजवर त्यात बसलेली सगळी पोरं लहानच राहून पाय हलवत होती. सगळ्यात वरच्या पाळण्यात फतहल्ला बसला होता, नव्या नवरदेवासारखा.

जाग आली तेव्हा इन्शिराह मेंदीची काडी घेऊन प्रत्येक नटवरून खालच्या लोखंडापर्यंत रेघ ओढत होती. नट जरासा हलला तरी ती रेघ तुटते. पण ही रेघ ‘टक्’ झाल्यावरच ओढायची. लांब पाना तर फडक्यात गुंडाळलेलाच पडला होता.

“एवढ्यात रेघ?” बद्रियाने विचारलं.

“मशीनने आवळलंय यम्मा,” शहाता वरूनच म्हणाला. “तुझ्यापेक्षा दसपट जोर आहे त्यात.”

“जोर आहे रे. पण किती लागला ते सांगतं का ते?”

“आता पुरे ना! लोक उभे आहेत.”

बद्रिया उठून पाळण्याच्या जनरेटरपाशी गेली.

ज्याने बोल्ट आवळले त्याने पहिल्या फेरीत आपल्या पोराला घेऊन बसायचं, ही फतहल्लाच्या घराची रीत. शहाता सहा वर्षांच्या जुमुर्रुदाला मांडीवर घेऊन बसला. समोरची दांडी लागली. पोरीने मान मागे टाकून वर पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, ते सगळं तू एकट्याने लावलंस?”

शहाताने वर पाहिलं. इन्शिराहचा हात बटणावर होता.

“थांब,” तो म्हणाला. “दांडी काढ.”

गर्दीतून कोणी ओरडलं, “काय उस्ताद, घरी विचारून यायचंय का?”

त्याने ऐकलं नाही. लांब पाना फडक्यातून काढला आणि पहिल्या बोल्टपासून सुरुवात केली. टक्. टक्. नवव्या बोल्टला पाना पाव वळसा फिरला तेव्हा कुठे वाजला. आट्यांत जुना रंग साचला होता, मशीनचा जोर तिथेच अडला होता. एक बोल्ट तर फिरतच राहिला, पाना वाजलाच नाही. ठोक्यांनी ताणला गेलेला तो बोल्ट त्याने काढून नवा घातला. इन्शिराहने एकेक रेघ पुसून पुन्हा ओढली. नव्या पान्याची बॅटरी तिने काढून सावलीत ठेवली, धूळ फडक्याने पुसली. कंदील लागले.

घामाने भिजलेला शहाता आईपुढे उभा राहिला. “कळत होतं तुला, तर ओरडली का नाहीस? जुमुर्रुदा बसली होती!”

बद्रियाने मूठ उघडली. आत जनरेटरचा फ्यूज होता.

तो बघतच राहिला. मग हसला, आणि हसता हसता डोळे पुसले.

“जा, बस,” ती म्हणाली आणि फ्यूज जागच्या जागी लावला.

दांडी लागली, बटण दाबलं, पाळणा हलला. बावीस वर्षं पहिल्या फेरीला ती स्वतः आत असायची. उजेडाचं ते चाक जमिनीवरून सुटताना खालून कसं दिसतं, ते ती मान वर करून बघत राहिली.